नापास होण्याची तयारी

त्या उन्हाळ्यात नीताच्या घरात तुपाचा खप एवढा वाढला, की दोह्यात अल गराफातल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मल्याळी दुकानदाराने शेवटी न राहवून विचारलंच, "मॅडम, घर में शादी है क्या?" नीता म्हणाली, "नहीं भैया, बच्चे का एक्झाम है." ते अगदीच खोटं नव्हतं. परीक्षा होतीच. फक्त त्या परीक्षेत पोराने नापास व्हावं म्हणून आई कंबर कसून कामाला लागली होती, एवढाच काय तो फरक.

पोराचं नाव अर्णव. ऑगस्टमध्ये त्याला अठरा वर्षं पूर्ण होणार होती. त्याचा जन्म सिंगापूरचा. नीताचा नवरा नंदू तेव्हा तिथल्या एका शिपयार्डात इंजिनियर होता, आणि नागरिकत्व मिळतंय म्हटल्यावर तिघांचे लाल पासपोर्ट करून मोकळा झाला होता. विमानतळावर रांग छोटी, व्हिसाची कटकट नाही आणि पुण्याच्या मित्रांत भाव वाढतो तो वेगळाच. अर्णव दुसरीत असताना नंदूला कतारमध्ये गॅस प्लांटवर नोकरी लागली आणि बिऱ्हाड दोह्याला आलं. पासपोर्ट सोबत आले. त्यांच्या मागोमाग, दहा वर्षांनी का होईना, सिंगापूरचा कायदाही येऊन दारात उभा राहिला. मुलगा अठरा वर्षांचा झाला की दोन वर्षं सैन्यात.

"नाही गेला तर?" नीताने नंदूला विचारलं होतं.

"तर गुन्हा. तिथे पाय ठेवला की पकडतील. आणि दुसरा पासपोर्ट आहे कुठे आपल्याकडे? भारताचा तर आपणच परत केला."

"आणि त्यांनीच नको म्हटलं तर?"

"तर प्रश्नच मिटला. पण ते कशाला नको म्हणतील? चांगला धडधाकट आहे पोरगा."

नीता त्यावर काही बोलली नाही. मुशैरिबमधल्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसून रोज शंभर माणसांना हसून 'इन्शाल्ला' म्हणणारी ही बाई एरवी गप्प बसणाऱ्यातली नव्हती. ती गप्प बसली की समजावं, डोक्यात काहीतरी शिजतंय.

आता तिचं माहेर कुठलं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ती साताऱ्याकडच्या कोरेगाव तालुक्यातली. वडील गोविंदराव, म्हणजे आबा, सुभेदार होऊन निवृत्त झालेले, काका हवालदार. गावात ज्याच्या घरी फौजी नाही, त्याला सोयरीक जमवताना दोन वाक्यं जास्त बोलावी लागायची. तिथे सैन्य म्हणजे भरती, आणि भरती म्हणजे इवलंसं दार. बाहेर हजारो पोरं आणि आत जाणार मूठभर. छाती मोजायची, उंची मोजायची, वजन करायचं आणि जरा कुठे कमी-जास्त निघालं की सरळ घरचा रस्ता. नीताचा थोरला भाऊ जालिंदर अंगाने काटकुळा. त्याचं वजन भरावं म्हणून आईने त्याला पहाटे दुधात अंडी फोडून पाजली होती. भरतीच्या मैदानाबाहेर उभं राहून डझनभर केळी आणि वर तांब्याभर पाणी पोटात ढकलून तो काट्यावर चढला होता. तरी तीनदा परत आला. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा घरात कुणी कुणाशी बोलेना. आबा नुसते ओसरीवर बसून राहिले होते.

या सगळ्यातून नीता एकच गोष्ट शिकली होती. सैन्याला मापातली पोरं लागतात. मग जालिंदरदादा बारीक म्हणून परत येऊ शकतो, तर अर्णव जाड म्हणून का नाही येणार? दादाला आत घालायला घराने जो जीव काढला, तोच उलटीकडून काढायचा. सप्टेंबरात अर्णवला वैद्यकीय तपासणी आणि पळण्या-उठाबशांची चाचणी द्यायला सिंगापूरला जायचं होतं, आणि जानेवारीत दोन वर्षांसाठी हजर व्हायचं होतं. म्हणजे हातात अख्खा उन्हाळा होता. आपली ही अक्कल नीताला एवढी आवडली, की त्या रात्री तिला कित्येक दिवसांनी शांत झोप लागली.

मग सुरू झालं. सकाळी थालीपिठावर लोण्याचा गोळा, डब्यात पराठे, संध्याकाळी साजूक तुपातला शिरा. वरणात तूप, भातात तूप, आणि दुधात कुणाच्या लक्षात येणार नाही अशी सायीची भर. चाळिसाच्या पुढच्या गरमीत डिंकाचे लाडू केलेले पाहून नंदू म्हणाला, "अगं, हे बाळंतिणीला देतात ना?" तरी त्याने चार खाल्ले. पोरगा लांब जाणार म्हणून आईचं मन हळवं झालंय, असं त्याला वाटलं, आणि त्या हळवेपणाचा लाभ घेताना त्याच्या स्वतःच्याच पँटची बटणं लागेनाशी झाली.

अर्णव मुकाट खायचा. तो शाळेत जन्मभर इंग्रजीतच बोलत आलेला. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत किंवा अर्ध्या-अर्ध्या वाक्यात. "मा, थोडं कमी दे ना," एवढं म्हणायचा, आणि आईचा चेहरा पडला की ताट पुढे करायचा.

दोहा त्या दिवसांत लगीनघर झालं होतं. नोव्हेंबरात वर्ल्ड कप. नवे रस्ते उघडत होते, जुने रात्रीतून बंद होत होते, आणि कामावरून येताना रोज कुठेतरी चुकलेला नंदू त्या फुटबॉलच्या नावाने बोटं मोडत घरात शिरत होता. अर्णवची स्टेडियमवर स्वयंसेवक म्हणून निवड झाली होती. लुसैलला, प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम. त्या एका गोष्टीवर तो इतका खूश होता, की मोबाइलवर आलेला गणवेशाचा फोटो त्याने आबांनाही पाठवला होता. वर्ल्ड कप संपवायचा, मित्रांना टाटा करायचं आणि मग जानेवारीत सैन्यात जायचं, असा त्याचा हिशोब होता.

आणि तो रोज पळायला जायचा. गराफाच्या पार्कात नवा एसी ट्रॅक झाला होता. बाहेर भट्टी आणि आत गारवा, अशी कतारी गंमत. "चाचणी पास झालं ना मा, तर दोन महिने कमी होतात," त्याने एकदा बूट बांधता बांधता सांगितलं होतं. नीता मनातल्या मनात हसली. दोन महिन्यांचं काय घेऊन बसलास बाळा, तुझी आई तुझी पुरती दोन वर्षं वाचवतेय. पण त्याचा उत्साह पाहून तिला काळजीही वाटायची. आबा दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याला रेजिमेंटच्या गोष्टी सांगत. पोराला वर्दीचं वेड लागलंय, असं तिच्या मनाने पक्कं धरलं होतं.

जुलैतल्या एका रविवारी आबा पडद्यावर डोळे बारीक करून म्हणाले, "नीते, पोरगं लई गुटगुटीत झालंया की गं. आसं कसं पळणार त्ये?"

"कॅमेऱ्यात तसं दिसतं, आबा," असं म्हणून नीताने फोन स्वतःकडे वळवला.

योजना अगदी फक्कड चालली होती. फक्त एका संध्याकाळी अर्णव पार्कातून आला तो आत न येता पोर्चमधल्या पायरीवरच बसला. नीता सरबत घेऊन गेली. तो मान वर न करता म्हणाला, "मा, माझं काहीतरी चुकतंय. मी रोज पळतो आणि रोज स्लो होतो. मे महिन्यात मी जास्त फास्ट होतो. Maybe I'm just weak."

"कोण म्हणतं वीक?"

"कोणी नाही. टायमर."

नीताने सरबत त्याच्या हातात दिलं. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, तिने स्वतःला बजावलं. आज वाईट वाटेल, उद्या घरी राहील. ती आत गेली आणि त्याच्यासाठी शिरा गरम करून घेऊन आली.

तिच्या या सगळ्या बेताचे बारा वाजवले उल्काने. उल्का ही सिंगापूरची जुनी शेजारीण. तिचा वरुण नुकताच सैन्यातली दोन वर्षं पुरी करून घरी आला होता. दुपारच्या सुट्टीत नीताने तिला फोन लावला, विमानतळापासून तपासणीच्या जागेपर्यंत कसं जायचं ते विचारायला. बोलता बोलता हळूच म्हणाली, "उल्का, वजन जास्त असलेली किती पोरं परत पाठवतात गं तिथे?"

"परत? कुठे परत?"

"म्हणजे घरी. मापात बसली नाहीत की."

उल्का म्हणाली, "नीता, खरं सांग, तू काय करून ठेवलंयस?"

नीताने सांगितलं. सांगताना तिला पहिल्यांदाच ते सगळं मोठ्याने ऐकू आलं.

"अगं बाई, ती काय सातारची भरती आहे का?" उल्का कळवळून म्हणाली. "ही सक्ती आहे. इथे कुणाला निवडतच नाहीत, सगळ्यांना नेतात. जाड असलं तर वजन उतरवायला आणखी लवकर बोलावतात. वरुणच्या वर्गातल्या दोघांना असंच आधी नेलं होतं, आणि त्यांचं सुरुवातीचं ट्रेनिंगही बाकीच्यांपेक्षा कितीतरी लांबलं. चाचणी हुकली म्हणून ते दोन महिने गेले ते गेलेच."

"म्हणजे अर्णवला..."

"जानेवारीच्या ऐवजी नोव्हेंबरात बोलावतील. कदाचित त्याहूनही आधी."

त्या दुपारी दवाखान्यात आलेल्या तीन माणसांना नीताने चुकीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. घरी जाताना सिग्नलवर मागचे लोक हॉर्न वाजवत राहिले. दोन वर्षं वाचवायला निघालेल्या आईने पोराच्या पदरात वर्ल्ड कप संपण्याआधीचं बोलावणं टाकलं होतं, वर दोन महिने जास्तीचे. आणि त्याला पटवून दिलं होतं, की तो कमजोर आहे. हे शेवटचं तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

लपवणं शक्य होतं. तिने लपवलं नाही. जेवणाच्या टेबलावर, नंदूसमोरच, सगळं सांगून टाकलं. अर्णवने हातातला घास खाली ठेवला.

"तुला मी fail व्हायला हवा होतो?"

"तू जायला नको होतास मला."

"मी तीन महिने स्वतःला loser समजत होतो, मा. रोज आरशात बघून. आणि तू शिरा देत होतीस." तो उठून खोलीत गेला.

नंदू बराच वेळ वरणात चमचा फिरवत राहिला. मग म्हणाला, "मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर हसला असतास."

"हसलो असतो. मग दोन मिनिटांत नेटवर बघून खरं काय ते सांगितलं असतं." तो थांबला. "मीच तो पासपोर्ट करायला निघालो नसतो तर तुझ्यावर ही वेळच आली नसती. तुला एकटीला काय बोलू?"

पुढचे काही दिवस अर्णव स्वतःची अंडी स्वतः उकडायचा, स्वतःचं ताट स्वतः धुवायचा आणि आईशी कामापुरतं बोलायचा. नीताने तुपाचा डबा कामाला येणाऱ्या ताहेरुन्निसाला देऊन टाकला. पश्चात्ताप करत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि रडून काही होत नाही हे आबांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं. ती विचार करत होती, की आपल्याला यातलं काय येतं. मग तिच्या लक्षात आलं, की आपल्याला यातलं बरंच काही येतं.

दुसऱ्या दिवशी अर्णव पळायला निघाला तेव्हा ती पंजाबी ड्रेसवर जुने बूट घालून दारात उभी होती.

"मी एकटा जातो."

"जा. मी मागून येते. पार्क काही तुझ्या एकट्याचं नाही."

ट्रॅकच्या कडेला ती फोनवरचं घड्याळ लावून उभी राहिली. दोन फेऱ्या ती गप्प होती. तिसरीला तिला राहवेना. "पहिल्या फेरीत सगळा जीव काढतोस तू! शेवटाला काय शिल्लक राहणार?" तिच्या आवाजाने चालायला आलेली दोन अरब कुटुंबं थबकली. अर्णव कानकोंडा होऊन पुढे पळाला. पण दुसऱ्या दिवशी त्याने पहिली फेरी सावकाश घेतली. आणि तिसऱ्या दिवशी, घाम पुसताना, आईकडे न बघता विचारलं, "हे तुला कसं माहीत?"

"कॅनॉलच्या रस्त्यावर जालिंदरमामाची वेळ मीच लावायचे. चार वर्षं. हा आवाज उगाच नाही झाला माझा."

"मामा पास झाला?"

"पळण्यात दरवेळी. वजनात हुकला."

अर्णवला हसू आलं. त्याने ते दाबलं, पण नीताने पाहिलं.

मग ते रीतसरच सुरू झालं. नीताने एसी ट्रॅक बंद करून टाकला. "तिकडे काय तुझ्यामागे एसी घेऊन पळणारेत?" असं म्हणून ती त्याला पहाटे फजरच्या अजानीबरोबर उठवून बाहेरच्या वाटेवर नेऊ लागली. ऑगस्टातली दोह्याची हवा अशी, की पळायच्या आधीच कपडे ओले. चष्म्यावर वाफ धरायची. "सिंगापूरलाही हेच आहे," ती म्हणायची, "आत्ताच सवय कर." घरी भाकरी, मटकीची उसळ, ताक, अंडी. नंदूलाही त्याच पंगतीत बसवलं, आणि त्याने ते निमूट सोसलं. आबांना कॉलवर खरं सांगितलं तेव्हा ते आधी भडकले, "फौजीच्या घरातली पोर तू, आन ह्ये धंदं?" मग पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. "तुजी आई बी रडायची गं, मी रजा संपवून निघालो की. लपून. मला ठावं हुतं." पुढे त्यांनी लगेच विषय बदलून उठाबशा काढताना श्वास कधी सोडायचा ते सांगितलं.

वजन उतरत गेलं, जवळजवळ मे महिन्यातल्या आकड्यावर आलं. एकदा पायात गोळा आला, एकदा अर्णव चक्क बसकण मारून "खलास, I'm done" म्हणाला, आणि नीता त्याच्या शेजारी जमिनीवर बसून राहिली. ओरडली नाही. थोड्या वेळाने तोच उठला. वेळ कमी होत होती, पण हवी तेवढी होत नव्हती. विमानाची तारीख जवळ आली. घड्याळाचा काटा अजून थोडासा पलीकडेच होता.

निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी शेवटचा सराव होता. हवा नेहमीसारखीच जड. अर्णवने सुरुवात छान केली, मधल्या फेऱ्या मोजूनमापून काढल्या, पण शेवटच्या फेरीत वळणावर त्याचे खांदे पडले. नीताला ते खांदे ओळखीचे होते. जालिंदरदादाचे अगदी असेच पडायचे. ती कडेने पळायलाच लागली. पन्नाशीला टेकलेली बाई, एका हातात फोन, दुसऱ्या हातात ओढणी गोळा केलेली, आणि तोंडाचा पट्टा चालू. "हात हलव! खाली बघू नको! यल्ला, अर्णव, यल्ला, माझ्या पुढे जा!" तिला स्वतःला श्वास पुरेना, पण ती थांबली नाही. अर्णव तिच्या पुढे गेला. मग बराच पुढे गेला. रेषा ओलांडून तो गवतावर आडवा पडला.

नीता धापा टाकत तिथवर पोचली आणि तिने फोनकडे पाहिलं. त्याने रेषा ओलांडताच तिच्या अंगठ्याने आपोआप घड्याळ थांबवलं होतं.

"मा? टाइम?"

तिने आकडा पुन्हा पाहिला. वेळेच्या आत होता, आणि चांगला आत होता. माहेरी असा आकडा लागला असता तर आबांनी गल्लीभर पेढे वाटले असते. इथे ती गवतावर त्याच्याशेजारी मटकन बसली आणि तिला हुंदकाच फुटला.

"नाही झालं?" अर्णव घाबरून उठून बसला.

"झालं. पास झालास."

"मग रडतेस का?"

"पास झालास म्हणूनच रडतेय." तिने ओढणीने नाक पुसलं. "मला वाटलं होतं, निदान तुला तरी आनंद होईल. तुला जायचंच होतं ना."

अर्णव तिच्याकडे वळला. "कोणी सांगितलं तुला?"

"आबांच्या गोष्टी ऐकायचास. रोज पळायला जायचास. मला वाटलं, वर्दीची हौस आहे."

"मला नाही जायचं, आई." तो एरवी 'मा' म्हणायचा, आणि आता नीट, एकेक शब्द शोधत बोलत होता. "मला भीती वाटते. झोप येत नाही. आबांना ऐकायचो, कारण ते एकटेच त्याबद्दल बोलायचे. तू आणि बाबा विषयच काढायचे नाहीत."

"मग एवढा कशासाठी पळत होतास?"

"दोन महिने," तो म्हणाला. "पास झालो तर दोन महिने आधी घरी येतो. तेवढंच माझ्या हातात होतं ना."

सगळा उन्हाळा दोघं एकाच गोष्टीसाठी राबली होती, आणि एकमेकांच्या विरुद्ध. तिने त्याचं घामाने चिंब झालेलं डोकं ओढून छातीशी धरलं. त्यानेही ते सोडवून घेतलं नाही, भर पार्कात, लोक बघत असताना.

थोड्या वेळाने तिने त्याच्या पाठीवर थाप मारली. "चल, ऊठ. पाय आखडतील. एक फेरी चालत काढू."

दोघं उठून चालायला लागली. अर्धी वाट झाल्यावर नीता म्हणाली, "भीती कशाची वाटते, ते सांग आता मला." आणि तो सांगायला लागला.